पेंढ्याचा दिवा

तरी मी तुम्हाला सांगत होतो, तात्या. पेंढा जनावराच्या तोंडचा आहे, तो खड्ड्याच्या तोंडी घालू नका. जनावर पोट भरलं की थांबतं, खड्डा थांबत नाही. तुम्ही ऐकलं नाहीत. तुम्ही कधी कुणाचं ऐकलंत? आणि आता तुम्ही तिकडं, मी इकडं, आणि भांडण आपलं मध्येच लोंबकळतंय. बोलायची पाळी माझी होती.

मंडळी, माफ करा. तुमच्यासमोर बोलायचं आणि तोंड मात्र गेलेल्या माणसाकडं करायचं, ही रीत नव्हे. पण दुसरी सुरुवात सुचेना. कागद फाडून फाडून दमलो. खाणीत कुदळ मारणं सोपं, हे अवघड.

पुनावळ्याच्या मारुतीपुढं जमलेल्या वडीलधाऱ्यांना, आयाबायांना, माझ्या बरोबरीच्या पोरांना, आणि ताथवड्याहून चालत आलेल्या सोयऱ्यांना माझा नमस्कार. मी नामदेव. तात्यांचा पुतण्या, अण्णांचा धाकटा. मी तिथं नाही हे तुम्ही बघताच आहात. आवाज गुरुजींचा आहे, शब्द माझे. मी बिहारात कोळशाच्या खाणीत आहे. तात्या गेल्याचं मला कळलं तेव्हा त्यांची राख पवनेतून कुठल्या कुठं गेलेली. रजा मागितली, मिळाली नाही. म्हणून हे लिहून गुरुजींकडं धाडलं. माझी शाळा चौथीत सुटली. जिथं अडखळेल तिथं गुरुजींनी सांभाळून घ्यावं. पण शब्द गाळू नये. शेवटचे तर नाहीच.

आता पहिली गोष्ट. काकी इथं आहे का? तात्यांची बायको, माझी काकी. ती त्या दिव्यापाशी बसलेली असेल, तर कुणीतरी उठा आणि तिला घेऊन या. ती म्हणेल, दिव्याला एकटं कसं सोडू. तिला सांगा, नाम्यानं बोलावलंय, परमुलखातून बोलावलंय. गुरुजी, ती येईपर्यंत थांबा. पुढं वाचू नका.

आलीस, काकी? बस. पुढं बस. आता मी बोलतो.

शोकसभेत गेलेल्या माणसाला मोठं करायचं असतं. मी करणार नाही. तात्या हट्टी होते. पुण्याला शेतकीचं प्रदर्शन भरलं होतं, तिथं त्यांनी शेणाच्या खड्ड्यावर पालथी घातलेली लोखंडी टाकी पाहिली. शेण आत सडतं, त्याचा वायू टाकीत जमतो, टाकी वर उचलली जाते. नळीच्या तोंडाशी काडी धरली की निळी ज्योत. धूर नाही, काजळी नाही. तात्या घरी आले ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी परसात खणायला लागले. खडकीच्या भंगारातून पत्रा आणला, चिंचवडच्या लोहाराकडून टाकी जोडून घेतली. खड्डा तयार झाला. आणि मग सगळ्यांच्या ध्यानात आलं, की घरात बैलजोडी एक आणि म्हैस एक. शेण येणार कुठून?

अण्णा म्हणाले, “समदं शेण तुझ्या खड्ड्याला गेलं तर गवऱ्या कशाच्या थापायच्या? आन् पावसाळ्यात चूल काय तुझ्या टकुऱ्यावर पेटवायची?”

तात्या म्हणाले, “शेण न्हाई तर पेंढा घालू. म्हशीच्या पोटात पेंढ्याचंच शेण व्हतंय न्हवं? मंग म्हैस मधी कशाला?”

त्यावर पारावरून कुणीतरी ओरडलं, “तात्या, म्हशीला इचारलंस का?” गाव हसला. तुम्हीच हसला होता, राव. मीही हसलो होतो.

पहिल्या साली तात्यांनी भाताचा पेंढा अख्खा कोंबला. टाकी तसूभर हलली नाही. शेवटी चौघांनी मिळून ती उचलून बाजूला ठेवली. मी होतो, माझ्या बरोबरीचा सोपान होता. पेंढा वर तरंगून गोधडीसारखा जाड झाला होता. तात्यांनी बाही वर सारली, गोधडीखाली हात घातला आणि एक मूठ बाहेर काढली. घंगाळातल्या पाण्यात धुतली. मंडळी, आख्खा हंगाम काळ्या पाण्यात बुडालेला पेंढा. धुतला तर खळ्यातून आत्ता उचलल्यासारखा. पिवळा, करकरीत. मला ते बघवेना. बुडवलेली वस्तू सडायला पाहिजे. जी सडत नाही तिच्याजवळ उभं राहवत नाही. सोपान हळूच म्हणाला, “ह्यो पेंढा मरंना, राव.”

तात्या म्हणाले, “मरंल. आपुन त्याला दात न्हाई लावलं.”

दात म्हणजे काय, ते आम्हाला पुढं कळलं. आधी विळ्यानं बोटाच्या पेराएवढे तुकडे केले. ते बैलांच्या पायाखाली तुडवून घेतले. तरी खड्डा ढिम्म. मग चुना. पिंपरीला निर्वासितांची घरं बांधायचं काम चालू होतं, तिथं उरलेला चुन्याचा गाळ तात्या पाटीनं डोक्यावरून आणायचे. गोठ्यामागच्या दगडी डोणीत चुन्याचं पाणी करायचं, त्यात पेंढ्याचे तुकडे भिजत टाकायचे. हळूहळू ते हळदीसारखे पिवळे होत. मग मऊ पडत. मग हाताला बुळबुळीत लागत, माणसाचं काहीतरी हाताला लागावं तसे. तात्यांच्या हातांची कातडी गेली. चुन्याचा वास त्यांच्या अंगातून जाईना. जेवायला शेजारी बसले तरी तोच वास.

एकदा चुना जास्त झाला. शेणाचा म्हणून जेवढा आवाज खड्ड्यात होता, तोही बंद पडला. गुडगुड नाही, बुडबुडा नाही. मुका झाला खड्डा. तात्या दोन्ही हात डोक्याला लावून काठावर बसले. तेव्हा काकी, तू पानाला चुना लावत दारात उभी होतीस. तू म्हणालीस, “पानाला चुना जास्ती झाला तर आपली जीभ पोळती. त्या खड्ड्याला काय जीभ न्हाई?”

त्या दिवसापासून चुना बोटाच्या टोकावर आला. भिजलेला पेंढा निथळून धुवायचा, त्यात खड्ड्यातला जुना काला घालायचा, दुधात विरजण घालतात तसा, आणि वर गोणपाट झाकून ठेवायचं. सकाळी गोणपाट उचललं की वाफ यायची. खाली विस्तव नाही, ऊन नाही. गोणपाटाखाली कुणी निजून श्वास सोडतंय, अशी वाफ. मी एकदाच बघितलं. पुन्हा गोणपाट उचलायला गेलो नाही.

आमचं भांडण त्यावरूनच. उन्हाळ्यात म्हशीला वैरण कमी पडली, आणि डोणीत पेंढा भिजतोय. मी बोललो. तात्यांनी डोणीतला हात बाहेरसुद्धा काढला नाही. म्हणाले, “नाम्या, लेका, तू कच्च्या पेंढ्यावाणी हायस. कुटंबी घाल, वरच तरंगतूस. खडकीला टिकला न्हाईस, मुंबैला टिकला न्हाईस. भिजायचीच तयारी न्हाई तुजी.” मी त्याच आठवड्यात बिहारची गाडी धरली. बोलले ते खोटं नव्हतं. पण म्हैस उपाशी होती, हेही खोटं नव्हतं.

शेवटच्या साली तात्यांनी थंडीच्या तोंडाला खड्डा भरला. नुसता पेंढा, पिकवलेला, मुरवलेला, आणि चवीपुरतं शेण. आणि टाकी बसलेलीच राहिली. पौष गेला, माघ आला, टाकी बसलेलीच. पडवीतल्या नळीला जेमतेम फुंकर. तात्यांनी कुणाशी बोलणं सोडलं. मग ताप आला, छातीत कफ दाटला आणि माजघरात, खांबाच्या बुडाशी, तात्या गेले. फसलो, असं म्हणत गेले. हे मला सोपाननं कळवलं.

आणि पुढचंही त्यानंच कळवलं. ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही रोज बघताय. तरी मी सांगतो, कारण तुम्ही ते एकमेकांच्या कानात सांगता आणि मला ते उजेडात सांगायचंय.

जिथं माणूस जातो तिथं पीठ पसरायचं, वर पाटी पालथी घालायची, शेजारी दिवा ठेवायचा. दिवा जाऊ द्यायचा नाही. माणसांची ये-जा, दाराची उघडझाप, आणि तेलाचा दिवा पुनःपुन्हा जायला लागला. बाया रडायला लागल्या. तेव्हा अण्णा म्हणाले, पडवीतली ती गॅसची नळी आत घ्या, ती ज्योत वाऱ्याला दाद देत नाही. टाकीत थोडा वायू आहे, दहाव्यापर्यंत पुरेल आणि आपोआप शांत होईल. अण्णा, तुम्ही चुकीचं काही सांगितलं नाहीत. कुणीही तेच सांगितलं असतं.

दहावा झाला. दिवा गेला नाही. तेरावा झाला. दिवा गेला नाही. सुतकात खड्ड्याला कुणी हात लावला नव्हता, कुणी मूठभर शेण घातलं नव्हतं, आणि टाकी वर यायला लागली. तात्या होते तोवर बसलेली. तात्या गेले आणि उठली. सोपान लिहितो, सकाळी बघावं तर वीतभर वर. दुपारी आणखी वर. आतून गुडगुड, मध्येच सुस्कारा. परसात बायांनी धुणं वाळत घालायचं सोडलं. आणि पाटी उचलून पीठ बघितलं, तर त्यावर काही उमटलं नव्हतं. ना पाखराचं पाऊल, ना सापाची रेघ, माणूस कुठल्या जन्माला गेला ते सांगणारी. तेव्हा माझी आत्या म्हणाली म्हणे, “उमटंल कसं? त्यो गेलाच न्हाई.”

आता शिमगा होऊन गेला, आणि माजघरात ती ज्योत अजून आहे. निळी. उजेड न देणारी. तिच्यापुढं बसलेल्या माणसाचं तोंड मढ्यासारखं दिसतं, हे सोपानचे शब्द आहेत, माझे नाहीत. भटजी म्हणाले, दिवा आपला आपण जाऊ द्यावा. अण्णा म्हणाले, “मेल्या माणसाचा दिवा हातानं मालवायचा? कुणी मालवायचा?” सोपान एकदा छाती करून, नळी बंद करायला, टाकीजवळच्या तोटीपाशी गेला. टाकीनं ढेकर दिली आणि हा गडी पार पवनेच्या काठापर्यंत पळाला. हसू नका त्याला. तुमच्यातलं दुसरं कोण तोटीपर्यंत तरी गेलं?

आणि काकी तिथं बसून आहे. तिथंच निजते. दिव्याला एकटं सोडायचं नाही म्हणून माजघराचं दार लावून बसते, वारा नको म्हणून. मंडळी, हे वाचलं आणि मी कागद घेऊन लिहायला बसलो. का, ते सांगतो.

खाणीत आम्हाला जाळीचा दिवा देतात. जमिनीखाली एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. तो जवळ आला की दिव्याच्या ज्योतीवर फिकट निळी टोपी चढते. तीच निळाई. पडवीतल्या नळीची. आमचा सरदार, म्हणजे खाणीतला मुकादम, म्हातारा आहे, जन्म जमिनीखाली गेला त्याचा. मी विचारलं, हे कुठून येतं. तो म्हणाला, “पुराना जंगल है, बेटा. दबा पड़ा है. साँस लेता है.”

तात्यांचा पेंढा आणि हे जंगल, एकाच जातीचं. दबलेलं, मुरलेलं, आणि श्वास घेणारं.

सोपाननं तात्या गेले तो आठवडा लिहिला, तेव्हा मी मागचं आठवून बघितलं. त्याच आठवड्यात माझ्या दिव्यावर टोपी चढली होती. आणि माझ्या मागून चुन्याचा वास आला होता. आता खाणीत भिंतींना चुनखडीची पूड मारतात, आग पसरू नये म्हणून. वास तिचाच असणार. मी मनाला तसंच सांगितलं. पण मागं वळून बघितलं नाही.

म्हणून मी तुम्हाला हे म्हणणार नाही, की तात्या तिथं नाहीत. मला माहीत नाही. टाकी का उठली ते मात्र मला कळतं, आणि तुमच्यातल्या प्रत्येक बाईला कळेल. थंडीत विरजण लागतं का? दूध तसंच राहतं. ऊन पडलं की एका रात्रीत दही. तात्यांचा पेंढा थंडीत निजून होता. माघ सरला, ऊब आली आणि तो जागा झाला. शेण लवकर संपतं. पेंढा सावकाश देतो, पण देत राहतो. तात्या फसले नव्हते. थोडं ऊन पडायचं राहिलं होतं, एवढंच.

पण ऐका. सरदारानं पहिल्या दिवशी मला एक गोष्ट सांगितली. “लौ है तो डर मत. लौ गई तो भाग.” ज्योत आहे तोवर वायू जळून जातोय. ज्योत गेली म्हणजे वायू गेला असं नाही. इथं एकाचा दिवा गेला. त्याला वाटलं, वाऱ्यानं गेला. त्यानं काडी ओढली. पुढचं मी काकीच्या समोर सांगणार नाही.

तुम्ही सगळे वाट बघताय, दिवा आपला आपण कधी जाईल त्याची. तो जाईल. टाकी खाली बसत जाईल, ज्योत बारीक होत जाईल, आणि एका पहाटे जाईल. तुम्ही म्हणाल, सुटला तात्या. आणि तोटी उघडीच असेल. पेंढा खाली थोडाथोडा श्वास सोडतच असेल. तो वायू नळीतून माजघरात येईल. माजघराला खिडकी नाही. दार लावलेलं. घरात उदाचा वास, त्यात दुसरा वास कुणाला कळणार? काकी दचकून उठेल, दिवा गेलेला दिसेल, आणि ती काय करेल? तीच नव्हे, तुमच्यातली कुणीही काय करेल? काडी ओढेल. दिवा पुन्हा लावायला.

मला त्या काडीची भीती वाटते. तात्यांची नाही.

म्हणून आता शेवटचं. गुरुजी, इथून सावकाश वाचा. सभा मी उन्हात ठेवायला सांगितली, ती याच्यासाठी. सोपान, ऊठ. तुला मी वेगळं कळवलंय, तरी सगळ्यांसमोर सांगतो, म्हणजे उद्या कुणी तुला एकट्याला धरणार नाही. घरी जा. विडी पेटवू नको, बरोबर कुणाला घेऊ नको. चुलीत विस्तव असेल तर पाणी ओत. पुढचं मागचं दार उघड. मग परसात जा. माजघरातल्या नळीच्या तोंडाला हात लावायचा नाही, टाकीजवळची तोटी फिरवायची. टाकी आवाज करेल. करू दे. ती तुझ्याशी बोलत नाही. आणि फिरवताना मोठ्यानं म्हण, नामदेव मालवतोय. पाप असेल तर माझं. मी इतका लांब आहे, की मला शोधत यायला त्यालाही चार गाड्या बदलाव्या लागतील.

अण्णा, त्याला अडवू नका. काकी, तू उठू नकोस. रडायचं तर रड. तुझा दिवा विझवत नाही मी. दार उघडतोय.

बाकीचे सगळे उभे राहा. हात जोडा, डोळे मिटा. सोपान परत येईपर्यंत कुणी बसायचं नाही, कुणी बोलायचं नाही. एवढी शांतता तात्यांना द्या. हयातीत आपण ती त्यांना कधी दिली नाही. गुरुजी, पुढचं तो आल्यावरच वाचा.

सोपान आला, असं धरून लिहितो. मला इथून दिसत नाही. कागदावर हात टेकून बसलोय आणि तुमच्याबरोबर मीही गप्प आहे.

आला असेल तर बसा, मंडळी.

तात्या, माझा नमस्कार घ्या. पेंढा पेटला, तात्या.

आता खड्ड्याचं काय, हे तुम्ही पारावर ठरवाल. ठरवू नका. अण्णा म्हणतील बुजवा, पोरं म्हणतील चालू ठेवा. तो खड्डा काकीच्या परसात आहे आणि चुन्याचं माप तिनं सांगितलंय. ती ठरवेल. आज नाही, तिला वाटेल तेव्हा. बुजवायचा म्हणाली तर मजुरी लागेल, भरायचा म्हणाली तर चुना आणि हात लावायला माणूस. दोन्हीला पुरतील असे, तिच्या एकटीच्या नावावर, मनिऑर्डरनं पाठवतोय. रुपये पस्तीस.